माझ्या बदलीची उपकारस्तुती

माझी बदली झाल्याची बातमी मला पहिल्यांदा कळली, ती मी स्वतःच चर्चमध्ये, भर उपासनेत, माइकवर वाचून दाखवली तेव्हा. आणि ती ऐकून माझ्या अख्ख्या मंडळीने एका सुरात 'आमेन' म्हटलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो, पांढरा झगा घडी करून ट्रंकेत ठेवला, दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले. पण ते 'आमेन' अजून कानात आहे. मागच्या महिन्यात नाताळ अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "पाळकसाहेब, सेवेत इतक्या अडचणी येतात, तरी कृतज्ञ कसं राहावं, यावर लिहा. तुमच्याइतक्या अधिकाराने कोण लिहिणार?" मी हसलो. बाईंना वाटलं विनयाने हसलो. म्हणून आधीच सांगून टाकतो, या विषयात माझा अधिकार आहे तो चुका करण्याचा, आणि त्यातली एक चूक अशी की ती पाळकाशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून होणंच शक्य नाही.

पाळकाला लोक हमखास एक प्रश्न विचारतात. "रविवारी तासभर बोलता, मग बाकीचे सहा दिवस काय करता हो?" बाकीचे सहा दिवस लग्नं लावायची, लागलेली मोडू द्यायची नाहीत, बाप्तिस्म्याचे दाखले शोधायचे, गायनवृंदातली भांडणं मिटवायची, इस्पितळात जायचं आणि मयती करायच्या. इस्पितळातलं काम सगळ्यात अवघड, कारण पाळक खाटेजवळ दिसला की पेशंटचं अवसानच गळतं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका गार्डसाहेबांनी मला पाहताच चादर तोंडावर ओढून घेतली आणि आतूनच विचारलं, "डॉक्टर काही लपवून राहिले का जी? तुमाले काहून बोलावलं?" बिचाऱ्याचं साधं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. मी मोसंबी घेऊन गेलो होतो.

तर ती बातमी ज्या चिठ्ठीतून आली, त्याबद्दल. नागपुरात मी ज्या चर्चमध्ये अकरा वर्षं होतो, तिथे दाराशी दोन लाकडी पेट्या असायच्या. डाव्या पेटीवर लिहिलेलं होतं 'विनंती', उजवीवर 'उपकारस्तुती'. ज्याला देवाकडे काही मागायचं आहे त्याने डावीत चिठ्ठी टाकायची, ज्याला मिळालं त्याने उजवीत. डाव्या पेटीतल्या चिठ्ठ्या मी घरी नेऊन एकट्याने वाचायचो आणि प्रार्थना करायचो. उजवी पेटी मात्र उपासनेच्या शेवटी व्यासपीठावर आणली जायची. मी एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचायचो आणि प्रत्येक चिठ्ठीला मंडळी 'आमेन' म्हणायची. डावी पेटी कायम गच्च भरलेली आणि उजवीच्या तळाशी आठ-दहा चिठ्ठ्या. माणसाची जात आहे, त्याला कोण काय करणार.

त्या आठ-दहामध्येही नमुने असत. गार्डसाहेब उन्हाळाभर दर रविवारी लिहायचे, 'या आठवड्यात कूलरची मोटर जळली नाही, देवाचे उपकार.' एका सासूबाईंनी लिहिलं होतं, 'सुनेची बदली भंडाऱ्याला झाली, देवाचे उपकार', आणि सून तिसऱ्या बाकावर बसली होती. 'जावयाने दारू सोडली' ही चिठ्ठी एकाच घरातून मी चार वेळा वाचली. चारही वेळा 'आमेन' तितकंच दणदणीत आलं.

या चिठ्ठ्या मी आधी कधीच वाचत नसे. हा माझा हट्ट होता. ज्या म्हाताऱ्या पाळकांच्या हाताखाली मी शिकलो ते सांगायचे, "आधी वाचशील तर चाळणी लावशील. जे आलं ते तसंच वाच." मला ते पटलं होतं. शिवाय माझा आवाज चांगला, खणखणीत. न वाचलेली चिठ्ठी उघडून एका दमात, सुरात वाचणं हे मला फार जमतं, असं मला वाटायचं. वाचताना शब्द तोंडातून आधी जातात आणि डोक्यात नंतर शिरतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचा कधी त्रास झाला नव्हता, एवढंच.

एप्रिलमधला रविवार होता. सकाळी नऊलाच पंखे गरम वारा फेकत होते. पाच-सहा चिठ्ठ्या झाल्या. मग एक जरा जाड कागदाची चिठ्ठी आली, चौकोनी फाडलेली, खाली नाव नाही. मी नेहमीच्या सुरात वाचलं, "आपल्या पाळकसाहेबाची बदली सावनेरले झाली. देवाचे उपकार."

"आमेन," मंडळी म्हणाली.

पुढचे काही क्षण मला नीट आठवत नाहीत. पंख्यांचा आवाज फार मोठा झाल्यासारखा वाटला. गायनवृंदातली एक मुलगी फिस्सकन हसली आणि तिने वही तोंडावर धरली. दोनेकशे माणसं माझ्याकडे बघत होती आणि त्यांच्या तोंडावर माझ्याइतकाच धक्का होता, कारण आपण कशाला 'आमेन' म्हणालो हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. मग हाताने आपलं काम केलं, पुढची चिठ्ठी उघडली आणि मी वाचलं, "कूलरची मोटर जळली नाही, देवाचे उपकार." या वेळी 'आमेन' अगदी बारीक आलं.

घरी आल्यावर मी झगाही न काढता फेऱ्या घालायला लागलो. माझी बायको विजया तेव्हा एका दवाखान्यात नर्स होती. बोलायला रोखठोक.

"अख्ख्या मंडळीने आमेन म्हटलं, विजया! अख्ख्या!"

"मीपण म्हटलं," ती म्हणाली. "सवयच आहे. जेवायला बसता का?"

सोमवारी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. बदली खरीच होती, सावनेरला, जूनपासून. बदलीचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पाळकाच्या कपाळी ती असतेच, आणि सावनेर म्हणजे काही काळं पाणी नव्हे, नागपूरहून तासाभराचा रस्ता. मला झोंबलं ते 'देवाचे उपकार'. या लोकांची मी किती लग्नं लावली, किती लेकरांच्या डोक्यावर पाणी घातलं, पावसाळ्यात गळणाऱ्या क्वार्टरात बादल्या लावून राहिलो, आणि मी जाणार म्हणून यांच्यातलं कोणीतरी देवाचे आभार मानतं? ज्या पेटीची मला इतकी आवड, त्याच पेटीत? मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. राग दाखवायला सोपा असतो, म्हणून तो घेऊन मी स्कूटरला किक मारली.

संशय एकाच माणसावर होता. डोंगरे सर. मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी, निवृत्त हेडमास्तर, राहायला जरीपटक्याला. हार्मोनियम काढून कीबोर्ड आणावा की नाही यावरून आमचं दोन वर्षं वाजत होतं. मी पोचलो तेव्हा ते अंगणात नळी धरून झाडांना पाणी घालत होते.

"सर, तोंडावर सांगायची हिंमत नव्हती का?" मी फाटकातूनच ओरडलो. "चिठ्ठी कशाला टाकायची?"

"कोणती चिठ्ठी जी?"

"माझ्या बदलीची!"

सरांनी आधी नळ बंद केला. नळी गुंडाळून ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "पाळकसाहेब, मले लिहायचंच असतं तं मी टाइप करून, तारीख टाकून, खाली सही करून लिहिलं असतं, अन् तुमच्या हातात आणून देल्लं असतं. जिंदगीभर मास्तरकी केली मी. बिननावाच्या चिठ्ठ्या पकडल्या, लिहिल्या नाहीत."

ते पुढे म्हणाले, "तुमची बदली व्हावी असं मले वाटे, हे खरं हाय. पण ते दोन वर्षाआंधी. आता तुमची सवय झाली. आणा इकडे ती चिठ्ठी."

मी खिशातून काढून दिली. ती मी कालपासून वीस वेळा वाचली होती. अक्षर ओळखीचं वाटत नव्हतं. डोंगरे सरांनी चष्मा वर केला, कागद बोटांत चोळून पाहिला आणि मी एकदाही न केलेली गोष्ट केली. त्यांनी चिठ्ठी उलटली.

मागच्या बाजूला छापील अक्षरं होती. अर्धवट फाटलेली, पण वाचता येण्याजोगी: '…थनेल याच्या दफनविधीचा कार्यक्रम', आणि त्याखाली एका गीताची पहिली ओळ.

ती पत्रिका मीच छापून घेतली होती. शब्द माझे, गीत मी निवडलेलं. आमच्या मंडळीत नथनेल नावाचा एकच मुलगा गेला होता, सात वर्षांपूर्वी. आणि सात वर्षं ती पत्रिका जपून ठेवणारं माणूसही एकच असू शकत होतं.

"सालोमीबाई," डोंगरे सर हळू आवाजात म्हणाले. मी त्यांच्या ओट्यावर बसलो.

सालोमीबाई म्हणजे नथनेलची आई. विधवा, एका शाळेत आया, राहायला सक्करदऱ्याला तलावाच्या बाजूला. दर शनिवारी चर्चची पितळी फुलदाणी चिंचेने घासून फुलं लावून जायची. मुलगा सव्वीस वर्षांचा, गायनवृंदात तबला वाजवायचा, नुकताच कामाला लागलेला. डेंग्यू झाला आणि चार दिवसांत गेला. त्यानंतर बाईने फुलं लावणं सोडलं. ती पुढच्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेली, दाराजवळ. उजवी पेटी व्यासपीठाकडे निघाली की ती उठून बाहेर पडायची. मला वाटायचं, सक्करदऱ्याची बस गाठायची असेल. एकदा मी व्यासपीठावरून कोपरखळीही मारली होती, "काही जण मागायला वेळेवर येतात आणि आभाराच्या वेळी पळ काढतात!" लोक हसले होते. चिठ्ठीच्या रविवारी मात्र ती शेवटपर्यंत बसली होती. हे मी पाहिलं होतं आणि मला बरंही वाटलं होतं.

आता माझी चूक सांगतो.

आमच्यात शवपेटी खाली उतरली की जमलेले सगळे मूठमूठ माती टाकतात. मग पाळक शेवटची प्रार्थना करतो, आशीर्वाद देतो आणि लोक घरी जातात. विधी एवढाच. मी त्यात आपल्या मनाची भर घातली होती. फार पूर्वी नव्वदीच्या एका आजोबांच्या मयतीला त्यांच्या थोरल्या मुलाने माती टाकून झाल्यावर आपणहून, मोठ्याने म्हटलं होतं, "देवा, तुझे उपकार." सगळ्यांचे डोळे भरून आले. मला ते इतकं आवडलं की मी त्याची पद्धतच पाडली. माती झाली की सगळ्यात जवळच्या माणसाला पुढे बोलवायचं आणि त्याच्याकडून ते तीन शब्द म्हणवून घ्यायचे. जो थडग्यापाशी उभा राहून आभार मानतो तो पुढे कोलमडत नाही, असं मी लोकांना सांगायचो. नव्वद वर्षं जगलेल्या माणसासाठी निघालेले शब्द मी सव्वीस वर्षांच्या पोराच्या आईच्या तोंडी घालतो आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मी सालोमीबाईला पुढे बोलावलं. "म्हणा, देवा, तुझे उपकार." ती गप्प. हाताला माती लागलेली. मी थांबलो, लोकही थांबले. पुन्हा म्हणालो, "म्हणा, बाई." तिच्या भावाने तिच्या कोपराला धरून हलवलं. तिसऱ्यांदा मी आवाज जरा चढवला, तेव्हा तिने म्हटलं.

आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही. तीनदा सांगावं लागलं पण शेवटी विश्वासाने जिंकलं, अशी त्याची मी गोष्ट केली. 'सक्करदऱ्याची आई' या नावाने ती मी गावोगावच्या सभांत सांगितली. दोनदा तर आमच्याच चर्चमध्ये सांगितली, ती शेवटच्या बाकावर बसलेली असताना. लोक रुमाल काढायचे. माझं ते सगळ्यात गाजलेलं उदाहरण होतं.

डोंगरे सरांच्या ओट्यावरून उठून मी आधी घरी आलो. विजयाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"ती चिठ्ठी नव्हती माहीत. बाकीचं दिसतच होतं. मी तिच्या शेजारीच उभी होते त्या दिवशी."

"मग तू मला तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही रात्री जेवताना म्हणालात, आजचा दफनविधी फार सुरेख झाला."

मी असं म्हणालो होतो यावर माझा विश्वास बसेना. पण विजया खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सक्करदऱ्याला गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात तुळशीसारखा वाढलेला सब्जा. भिंतीवर नथनेलचा फोटो होता आणि खाली कापडात गुंडाळलेली तबल्याची जोडी. सालोमीबाईने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः उंबऱ्याजवळ पाटावर बसली. मी चिठ्ठी पुढे केली.

"ही तुमची, बाई?"

"हो जी, माहीच. नाव टाकाचं राहून गेलं."

तिने हे इतक्या सरळ सांगितलं की मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. "बदलीचं मला स्वतःला माहीत नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

"माही भाची तुमच्या मोठ्या ऑफिसात टाइप करते ना जी. शनिवारी आली होती. मी तिले म्हटलं, खरं सांगते का वं? ते म्हणे, मीच टाइप केलं, मावशी."

मी म्हणालो, "त्या दिवशीचं..."

"मले बोलू द्या, साहेब," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माहा पोरगा खाली होता. माती माह्या हाताले होती. अन् तुमी म्हणून राहिले, म्हणा, म्हणा. सगळे लोक पाहून राहिले होते. मी म्हटलं. पण ते माह्या मनात नव्हतं जी. मले उपकार वाटतच नव्हते. मले तं देवाचा राग येऊन राहिला होता. म्हणजे मी काय केलं? पोराच्या मातीवर उभं राहून देवासमोर खोटं बोलली. जिंदगीत मी खोटं नाही बोलली कधी. अन् तुमी तेच गावोगाव सांगता."

"बाई, माझा हेतू..."

"हेतू राहू द्या. सात वर्सं झाले, तो शब्द माह्या तोंडातून निंघत नव्हता. घास खाल्ला तरी नाही. प्रार्थनेले बसली तरी नाही. पेटी निंघाली का मले बसवे नाही, म्हणून मी उठून जाऊ. परवा भाचीनं सांगतलं, साहेबाची बदली झाली, अन् मी चुलीपाशी होती, माह्या तोंडातून आपसूक निंघालं, देवा तुझे उपकार. सात वर्सांत पह्यल्यांदा. अन् खरं निंघालं. मग मी लिवून टाकलं. खरी गोष्ट हाय, तं पेटीत टाकाले काय हरकत?"

आयुष्यभर मी लोकांना कृतज्ञता शिकवली. किती चिठ्ठ्या वाचल्या असतील याची गणती नाही. त्यातली सगळ्यात खरी उपकारस्तुती मी जाणार म्हणून होती. आणि ती लिहिणारीच्या तोंडचा तो शब्द सात वर्षं हिरावून घेणारा मीच होतो. मला लाज वाटली. पाळकांना शरमेवर प्रवचन देता येतं, ती अंगावर आली की काय करायचं ते कोणी शिकवत नाही.

"चुकलो मी, सालोमीबाई," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. तेवढी अक्कल त्या अर्ध्या तासात आली होती, नाहीतर तिच्याकडून मी तेही म्हणवून घेतलं असतं. तिने चहा केला. मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "सावनेरले ते गोष्ट नका सांगू जी."

मी सांगितली नाही. सावनेरलाच नव्हे, कुठेच नाही.

निरोपाच्या रविवारी शाल, श्रीफळ, भाषणं असं सगळं झालं. डोंगरे सरांनी माझं कौतुक लिहून आणून, तारीख घालून, खाली सही करून वाचलं. उजव्या पेटीत त्या दिवशी चिठ्ठ्या उतू जात होत्या, लोकांना चुकून म्हटलेलं 'आमेन' फेडायचं असावं. सालोमीबाई आली नव्हती.

सावनेरची मंडळी लहान, खाणीतली आणि शेतातली माणसं. तिथे पहिली मयत झाली ती खाणीत काम करणाऱ्या एका तरुण माणसाची. माती टाकून झाली. मी प्रार्थना म्हणालो, आशीर्वाद दिला आणि गप्प उभा राहिलो. त्याच्या वडिलांनीच विचारलं, "साहेब, उपकार मानाचे राह्यले ना? आंधीचे साहेब म्हणाले लावत होते." ती पद्धत माझीच, कुठल्यातरी सभेत माझं ऐकून तिथवर गेली होती. मी म्हणालो, "आज नको, बाबा. येईल तेव्हा माना. नाही आलं तरी देव थांबतो." म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला आणि मग मोठमोठ्याने रडला. पुढे माझ्याविरुद्ध कार्यालयात तक्रारही गेली, की हे पाळक उपकारस्तुती करू देत नाहीत. तिची चौकशी झाली. मी काय उत्तर द्यावं हे मला कळेना, तेव्हा मी 'तक्रार खरी आहे' असं लिहून दिलं.

संपादकबाईंनी विचारलं होतं, अडचणींत कृतज्ञ कसं राहावं. मला एवढंच कळलं की मुद्दाम राहता येत नाही. मी रोज सकाळी कृतज्ञतेची वाट पाहतो. काही दिवस लवकर येते, काही दिवस संध्याकाळ होते, आणि काही दिवस येतच नाही; तेव्हा मी देवाला तसं सांगतो. सावनेरला असताना एकदा डोंगरे सरांचा फोन आला होता, "नवे पाळक ठीक आहेत, कीबोर्ड मात्र घेतला त्यायनं. अन् एक सांगायचं होतं, सालोमीबाई आता शेवटपर्यंत बसतात जी." मला चटका बसला आणि आनंदही झाला. त्या दिवशी तो शब्द माझ्या तोंडून आपसूक निघाला.

पण हे सगळं लिहायचं तर माझा शब्द मोडत होता. म्हणून संपादकबाईंचा फोन आल्यावर मी पुन्हा सक्करदऱ्याला गेलो. सालोमीबाई आता थकली आहे, एका डोळ्याने कमी दिसतं. दारातला सब्जा अजून आहे. मी विचारलं, "बाई, त्या गोष्टीबद्दल लिहू का? या वेळी माझी चूक म्हणून."

"लिवा," ती म्हणाली. "पण पूरं लिवा. चिठ्ठीसकट. अन् छापाच्या आंधी मले वाचून दाखवा."

परवा दुपारी मी हे कागद घेऊन गेलो आणि इथपर्यंतचं सगळं तिला वाचून दाखवलं. या वेळी सुरात नाही, सावकाश. ती फोटोखाली बसून ऐकत होती. कूलरच्या चिठ्ठीला हसली. थडग्यापाशीचं आलं तेव्हा तिने पदर हातात धरला. वाचून झाल्यावर म्हणाली, "सगळं बरोबर हाय. एक चुकलं."

"काय?"

"तुमी तीनदा लिवलं. तीनदा नाही जी. चारदा."

मला कळेना. "तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात ना?"

"म्हणाली. हळू म्हणाली. तं तुमी म्हणाले, मोठ्यानं म्हणा, मागच्या लोकायले आयकू नाही आलं. मंग चौथ्यांदा मी मोठ्यानं म्हटलं."

मला ते आठवत नाही. आत्ताही, हे लिहिताना, आठवत नाही. किती गावांत मी ती गोष्ट सांगितली, प्रत्येक ठिकाणी तीनदा, आणि मला तेच खरं वाटत होतं. मी पेन काढला आणि वर जिथे 'तीनदा' होतं तिथे खोडायला गेलो.

"खोडू नका," ती म्हणाली. "तुमचं तीनदाच राहू द्या. माहं चारदा खाली लिवा."

म्हणून ते खाली लिहिलं आहे.